विटेपर्यंत

बाबा,

माझी सुट्टी संपली, कामावर चाललेय. तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय, दोन घास तरी खा. सातपर्यंत येते.

दिवसा कोंबड्यांचं आता तुमच्याकडे. आईने इतकी वर्षं केलं, आपण दोघांनी कधी धड पाहिलं नाही, म्हणून लिहितेय. रात्री खुराड्यात त्या बसतात त्या दांडीखाली फळी आहे. तिच्यावर पडलेली त्यांची शीट सकाळी खुरप्याने खरवडायची, खताच्या ड्रममध्ये टाकायची आणि वर वाळका पाला पसरायचा. ताजी शीट लॉनवर नको, गवत जळतं. काल तुम्ही खत म्हणून टाकलीत ती मी झाडून काढली.

दिवसाच्या पिंजऱ्याला तळ नाही, तो रोज लॉनवर एक लांबी पुढे सरकवायचा. म्हणजे एका जागी घाण साचत नाही. लॉनचं वाटोळं होईल म्हणून तुम्ही आईच्या मागे कटकट करायचात. तिने ते कधी होऊ दिलं नाही. आता झालंय. आई गेल्यापासून अकरा दिवस पिंजरा कोणी हलवलाच नाही. खाली पिवळा चौकोन पडलाय.

उद्या पिंजरा जिथवर न्यायचा, त्या जागी ती आदल्या दिवशीच वीट ठेवायची. आज मी पिंजरा तिच्या विटेपर्यंत आणलाय. वीट मात्र माझ्याच्याने उचलवली नाही. तेवढी तुम्ही पुढे ठेवा.