साडूचा फोर्क

३ जून
आजपासून या घरात साडूचं नाव काढायचं नाही. इतकी वर्षं दोघांनी मिळून एक खुला, फुकट डेटाबेस सांभाळला. आता त्याने सगळा कोड उचलून स्वतःचा 'फोर्क', म्हणजे त्याच कोडची वेगळी चूल, काढलाय. वर जाहिरात: जुन्याच्या जागी बसवा, कुणाला कळणारही नाही! निर्लज्ज. बायको म्हणाली, माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे तो. म्हटलं, म्हणूनच आजवर गप्प बसलो.

९ जून
निश्चय: माझ्या नव्या आवृत्तीतला डेटा त्याच्या फोर्कमध्ये उघडताच कामा नये. सुरुवात तारखांपासून.

१२ जून
तारखा साठवायची पद्धत बदलली. आता माझाच बॅकअप मला उघडेना. याला चूक म्हणत नाहीत, सुरक्षा म्हणतात.

२० जून
वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन. तुमच्या डेटाबेसमध्ये पुस्तक शोधायला फार वेळ लागतो, साडूंचा फोर्क बघू का, असं विचारत होत्या. ठणकावलं: त्याच्या हाती दिलंत तर सगळी पुस्तकं गायब होतील. माझी नवी आवृत्ती येतेच आहे. वाचनालय गेलं तर माझा डेटाबेस वापरणारं जगात कुणी उरत नाही. बायकोला हे माहीत नाही.

१ जुलै
नवी आवृत्ती अजून रुसलेली. बाईंना म्हटलं, तोवर सर्व्हरचं नेहमीचं अपडेट चालवून घ्या. तेवढाच वेळ मिळेल.

४ जुलै, दुपार
बाई खूश! शोध चुटकीसरशी होतोय. मी काहीच पाठवलेलं नाही, पण माझ्या जुन्या कोडमध्ये दम होताच, मशीननेच दाबून ठेवला होता. अभिप्राय लिहून घेतला, वेबसाइटवर टाकला. साडूलाही मेल केला: वाच आणि जळ.

५ जुलै
साडूचं उत्तर. म्हणे, त्या सर्व्हरच्या अपडेटमध्ये आता त्याचाच फोर्क येतो, जुना आपोआप निघतो. थापाड्या! उद्या वाचनालयात जाऊन तोंडावर पाडतो.

६ जुलै
गेलो. स्क्रीनवर साडूच्याच फोर्कचं नाव. एकही पुस्तक गायब नाही. बाईंनी विचारलं, काही बिघडलंय का? नाही म्हटलं. मग आहे हेच राहू दे म्हणाल्या, अडलं तर तुम्ही आहातच.

८ जुलै
बाईंना अडलं. मला उत्तर येईना. साडूला फोन केला. त्याने लगेच सगळं नीट समजावलं. एक टोमणासुद्धा मारला नाही. नीच माणूस.