सासूबाईंच्या तक्रारी आणि साठ घरं

३ मे
झालं! तोंड उघडलं आणि अडकले. ज्यांच्या नावावर घर नाही त्यांच्यासाठी नगरपालिका साठ घरं बांधणार आहे, नकाशा माझा; त्या सभेत अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या मातीच्या विटांच्या जाड भिंती, समोरासमोर खिडक्या – नुसता खर्च! भिंती पातळ करा, खिडकी एकच ठेवा." मी म्हटलं, "मग उन्हाळ्यात माणसं भाजून निघतील." ते हसले. "नमुन्याचं घर तयार आहे ना? घरच्यांना घेऊन तुम्हीच राहून दाखवा. पंधरा दिवसांनी बघायला येतो. पटलं तर साठही घरं तशीच बांधू."

मी हो म्हणून बसले. घरी सांगितलं तेव्हा नवरा हातातला घास हातातच धरून माझ्याकडे बघत राहिला.

४ मे
सासूबाईंना सांगितलं. आमच्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांचा दिवस "उकडतंय गं"ने सुरू होतो आणि त्यानेच संपतो. "दोन खोल्यांत तिघं? तू आर्किटेक्ट आहेस की माझ्या वाईटावर आहेस?" पण पिशवी भरली. उशी स्वतःची घेतली.

६ मे
राहायला आलो. न्हाणीघराचं दार उघडलं की पलंगावर आपटतं. सासूबाई म्हणाल्या, "नकाशात पलंग नव्हता वाटतं?" होता. दुसऱ्या भिंतीला होता.

७ मे
ओटा उंच आहे म्हणे.

११ मे
कपडे वाळत घालायला जागा नाही. पाण्याच्या टाकीचा आवाज येतो. नवऱ्याचं घोरणं दोन्ही खोल्यांत ऐकू येतं – हाही माझाच दोष! मी म्हटलं, "आई, तुमचाच मुलगा आहे." "मुलगा माझा, भिंती तुझ्या!"

रात्रभर हसू येत होतं. ओटा मात्र खरंच उंच आहे. मोजला.

१७ मे
"येऊ देत तुझे अध्यक्ष, सगळं सांगणार आहे मी." सासूबाईंनी बजावलंय. नवरा म्हणतो, त्या दिवशी आईला मावशीकडे पाठवू. जातायत थोड्याच!

२१ मे
अध्यक्ष आले. भर दुपारी, रुमालाने घाम पुसत. सासूबाई सुरू झाल्या – दार, ओटा, कपडे, टाकी, घोरणं. काही म्हणता काही सोडलं नाही. अध्यक्षांचा चेहरा फुलत चालला होता. मी फरशीकडे बघत उभी. साठ घरं गेली!

"आणि उकाडा?" अध्यक्षांनी विचारलं.

"उकाडा कुठे आहे?" सासूबाई म्हणाल्या. "तो पंखा तेवढा बदला. खडखड करतो. मी लावतच नाही."

अध्यक्षांनी वर पाहिलं. पंखा बंद होता. घाम पुसायचं ते कधीच विसरले होते. जरा वेळ खिडकीपाशी उभे राहिले. मग म्हणाले, "दार उलट्या बाजूने बसवा. ओटा खाली घ्या. भिंती, खिडक्या राहू देत. साठही घरांत."

ते गेल्यावर मी सासूबाईंना कडकडून मिठी मारली. "अगं सोड, उकडतंय!"

२२ मे
घरी परत. आठवा मजला, पंखा पूर्ण वेगात. सासूबाईंनी पिशवी अजून उघडलेली नाही. "त्या घरांचा अर्ज कुठे मिळतो गं? माझ्या नावावर कुठे घर आहे? तुझा वशिला नको, सोडतीत निघालं तर निघालं. तुम्ही दोघं रविवारी येत जा."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

अर्ज उद्या आणून देईन. पण त्यांनी जायला नकोय मला.