मागे आलेला हात

ती. मावशीस,

कमरेतून वाकून नमस्कार (पूर्ण वाकता येत नाही, मांडीचा स्नायू धरलाय). तुझी पाठ कशी आहे? काकांचा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे, फक्त संख्याशास्त्रात नाही.

अगं मावशी, इथे खेळाडूंच्या अभ्यासासाठी चक्क एक वेगळी खोली आहे आणि तिथे एक बाई बसतात. बाई कसल्या, चमत्कारच! माझा सराव किती वाजता संपतो, कुठल्या तासाला मी डुलक्या काढते, स्पर्धेच्या प्रवासात कुठला धडा बुडाला, सगळं त्यांना तोंडपाठ. (मला माझा परीक्षा क्रमांकही आठवत नाही.) संख्याशास्त्रात नापास झाले तर रिलेच्या संघातून बाहेर, असा नियम आहे. म्हणून त्यांनी महिनाभर मला रोज शिकवणी लावली आणि अवघड प्रश्न आधी सोडवायचे, असं बजावलं.

परीक्षेत गाडी मस्त चालली होती. तेवढ्यात पर्यवेक्षक सर माझ्या बाकापुढे पाठमोरे उभे राहिले आणि कंबर चोळायला त्यांनी हात मागे नेला, पंजा उघडा. आता तूच सांग, चार वर्षं जिने मागे आलेल्या हातात रिलेचं बॅटनच ठेवलंय, ती काय करणार? मी पेपर ठेवला. वर "घे!" म्हणून ओरडलेसुद्धा. सरांनी तो पकडला (पकड उत्तम होती). दिलेला पेपर परत मिळत नाही म्हणे. अर्धा तास बाकी आणि चार सोपे प्रश्न कोरे!

रडत बाईंकडे गेले. वाटलं, आता फाडून खातील. त्यांनी पाणी दिलं, कोरा कागद दिला आणि लिहिलेलं सगळं आठवून मांडायला लावलं. गुण मोजले तर एक्केचाळीस, आणि पास व्हायला लागतात चाळीस! मी थक्क झाले. त्या हसून म्हणाल्या, "अवघड प्रश्नांनाच गुण जास्त असतात, म्हणून ते आधी."

तुझी लाडकी (असं मी धरून चालते) भाची

ता. क. निकाल लागला. एकोणचाळीस. दोन गुण माझ्या अक्षराने खाल्ले. बाईंनी त्याच दिवशी फेरपरीक्षेचा अर्ज आणला. ती परीक्षा रिलेच्या स्पर्धेआधीच आहे, पण अर्जावर घरच्या मोठ्यांची सही लागते. आईला कळलं तर ती माझं धावणंच बंद करील.

पुन्हा ता. क. बोलता बोलता बाईंना तुझंही सांगितलं, की धावण्यापायी तुझे दोन पेपर राहिले आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. त्यांनी तुझं कॉलेजचं साल विचारलं, कुठेतरी फोन केला. ते पेपर अजून देता येतात, मावशी! पाकिटात दोन अर्ज आहेत. एकावर पालक म्हणून सही कर. दुसऱ्यावर परीक्षार्थी म्हणून.