चकती फेकली गेली

३ नोव्हेंबर, सकाळी
शुगर वाढली. डॉक्टर म्हणाले, चाला. पण चालणे हे अकर्मक क्रियापद. माझ्यासारख्या व्याकरणवेड्या बातमीदाराला कर्म लागतं. शेजारच्या दिशाने तिच्या कॉलेजच्या ग्रुपबरोबर सावेडीच्या बागेत डिस्क गोल्फ मांडलाय. खांबावर साखळ्या लावलेली लोखंडी टोपली, लांबून प्लास्टिकची चकती तिच्यात टाकायची. म्हणाली, काका, ही एक चकती तुम्हाला. संकल्प: दिवाळी अंक वाचून संपायच्या आत तिला हरवणे. शेवटी सुदर्शनचक्र आपल्याकडचंच.

५ नोव्हेंबर
आज टोपलीत पहिली चकती. पडली झेंडूच्या हारावर. लोक टोपलीला निर्माल्यकलश समजून हार टाकतायत. गेटवर फुलं विकणाऱ्या बनुबाईंना फरक समजावला. त्या म्हणाल्या, मंग एवढ्या साखळ्यांची शोभा कशापायी केली? वेळेअभावी मी चकती उचलून निघालो.
फेकण्याआधी ओरडून सावध करायची रीत आहे. पोरं 'फोर' ओरडतात. मी 'अवधीयताम्!' सुरू केलं. म्हणजे, लक्ष दिलं जावं. कोणी, ते सांगावं लागत नाही. संस्कृतची हीच खुबी.

९ नोव्हेंबर
वारा होता. (नव्हता. पण असू शकला असता.) चकती टोपली सोडून बाकाकडे वळली. बाकावर आबासाहेब. मूळ सोनईचे, महापालिकेच्या उद्यान खात्यातून रिटायर्ड, रोज थर्मासमधला बिनसाखरेचा चहा मला पाजणारे. चष्मा फुटला, भुवईवर खोक. मी कण्हेरीमागे होतो. धावणारच होतो, तेवढ्यात इतर धावले. उगाच गर्दी वाढवू नये.

१० नोव्हेंबर
संपादकांचा फोन: तुमच्याच बागेतलं आहे, बातमी पाठवा. पाठवली. 'उद्यानात चकती फेकली गेली. ज्येष्ठ नागरिक जखमी.' एक शब्द खोटा नाही. कर्मणि प्रयोग काही उगाच निर्माण झालेला नाही.

१२ नोव्हेंबर
बातमी गाजली. इतकी की बागेतला खेळ बंद. रविवारी महापालिकेची माणसं टोपल्या उपटणार. दिशा आली. काका, त्या दिवशी आमच्यातलं कोणीच नव्हतं हो. तुम्ही पेपरात आहात, शोधून काढा ना. म्हणालो, तपास चालू आहे.
बायकोने, सरोजिनीने, विचारलं, तुमची चकती दिसत नाही ती? म्हणालो, विश्रांती दिलीय. जेवण गेलं नाही. बहुधा शुगर.
उद्या आबासाहेबांना सांगणारच.

१३ नोव्हेंबर
सांगणार होतो. त्यांनी भुवईच्या पट्टीखालून हसून चहा पुढे केला. चहा घेताना असले विषय काढू नयेत.

१४ नोव्हेंबर
घसा बसलाय. अपराधी वाटतं म्हणून नव्हे. गारठा.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळीच माणसं पहारी घेऊन आली. दिशा पहिल्या टोपलीला पाठ लावून उभी. बघवेना. आबासाहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, चकती फेकली गेली. त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं. माझ्याकडून फेकली गेली. त्यांनी चहा ओतला. शेवटी म्हणालो, मी फेकली.
आबासाहेबांनी चहावर फुंकर मारली. म्हणाले, ठाऊक हाय की. चकती कपाळात बसायच्या आधी 'अवधीयताम्' कानात बसलं हुतं. आख्ख्या नगरात दुसरं कोन वरडतंय असलं?
बनुबाई पदर तोंडाला लावून हसल्या. दिशालाही पहिल्या दिवसापासून माहीत. आबासाहेब सांगून टाकायला निघालेले; तीच म्हणाली होती, थांबा, काका स्वतः सांगतील. त्या भरवशावर आज पहारींसमोर उभी होती.
'जखमी मी, माझी तक्रार न्हाई,' म्हणत आबासाहेबांनी जुन्या खात्यातल्या त्या माणसांना परत पाठवलं. खेळ चालू राहणार. अट एकच: चकतीला मी हात लावायचा नाही. रोज टोपल्यांतलं निर्माल्य मात्र मी काढायचं. घरी आलो. पेपरासाठी खुलासा लिहिला: 'सदर ज्येष्ठ नागरिकांना नवा चष्मा दिला जाईल.' सरोजिनीने वाचून कागद परत केला. म्हणाली, आधी कर्ता लिहा. तोवर चहा केला जाणार नाही.