शेवंतीची चाल

पाथर्डी फाटा, नाशिक
सोमवार, ६ जानेवारी २०२५, पहाटे ५ वाजून ४० मिनिटे

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

शेवंतीला तोबरा बांधला आहे. ती खाऊन होईपर्यंत पेंडीच्या पोत्यावर बसून हे लिहितो आहे. बँड आणि डीजेपुढे तीस वर्षं चालून तुमचे कान गेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. मामींकडे निरोप दिला तर अर्धा त्या स्वतःच्या मनाचा घालतात. म्हणून पत्र.

शेवंती परवा टेम्पोतून सुखरूप उतरली. उजव्या मागच्या पायाला दोरी घासून केस गेले आहेत, एक इंच. हळद लावली. घोडेस्वारीच्या क्लबच्या मालकीण अंजली मॅडम तिच्याभोवती दोनदा फिरल्या. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा बघून त्यांनी विचारलं की याला तुमच्याकडे काय म्हणतात. मी पंचकल्याणी म्हणून सांगितलं. वरातीत अशी घोडी शुभ मानतात, हेही सांगितलं.

आपलं ठरलेलं परत लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. १६ फेब्रुवारीला क्लबची चाळीस किलोमीटरची दौड आहे. शेवंती तीत पास झाली तर मॅडम तिला लांबच्या रपेटीसाठी ठेवणार आणि मला तिचा स्वार म्हणून कायम करणार. नापास झाली तर मनमाडचा वरातवाला तिला होळीपर्यंत घेऊन जाणार. तुम्ही त्याचा विसार घेतला आहे हे मला माहीत आहे. पण मामा, मी त्याच्या घोड्यांची तोंडं उघडून पाहिली आहेत. काटेरी लगामाने जिभा चिरल्या आहेत. शेवंती तिथे जाऊ नये यासाठी मला जे करावं लागेल ते मी करणार.

गेल्या महिन्यात इथे आल्यावर एक कळलं, घोड्यावर बसणं ही एकच विद्या नाही. पहिल्याच दिवशी मी पडलो. पुण्याच्या रेसमधून निवृत्त झालेला उंच घोडा होता. तो सुटला म्हणून मी आपल्या सवयीने लगाम ओढला, तर आणखीच सुटला. रेसच्या घोड्याला ताणलेल्या लगामावर रेलून पळायला शिकवलेलं असतं, हे मला उसाच्या सरीत पडल्यावर समजलं. मॅडम म्हणाल्या, तुला येतं असं तू सांगितलं होतंस. मी म्हणालो, मला येतं, त्याला मराठी येत नाही. तेव्हा कुठे त्या हसल्या.

या उंच घोड्यांवर इंग्रजी पद्धतीने बसतात. खोगीर लहान आणि दुडकीच्या दर ठोक्याला स्वाराने उठायचं, बसायचं. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून आल्या. उड्या मारायला हेच घोडे चांगले. कानांची टोकं आत वळलेला एक काठेवाडी आहे, तो भाल्याने जमिनीतला खुंटा उपटायच्या खेळासाठी. बाणासारखा सरळ जातो आणि स्वार रिकिबीत उभा राहून पुढे झुकतो. मुलांसाठी एक भीमथडी तट्टू आहे, बुटकं पण डोंगर चढताना सगळ्यांना लाजवतं.

मग मॅडमनी शेवंतीची दुडकी बघायला मागितली. ती दुडकी काढेचना. उजवे दोन्ही पाय एकदम, मग डावे दोन्ही, अशी सरकत निघाली. मी उठबस करायला गेलो तर मॅडम ओरडल्या की गप बस, ही रेवाल चाल आहे, खुर्चीत बसल्यासारखा बस. मामा, तिच्या पाठीवर भरलेला पेला ठेवला असता तरी सांडला नसता. तुम्ही तिला जागच्या जागी नाचवलं, पण ती लांब जाणारी आहे असं माझं मत झालं आहे. राग आला तर सविस्तर कळवावा, लोभ मात्र कमी करू नये.

आपला,
संतोष


विंचूर
१३ जानेवारी

चि. संतोष यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर लय देखणं हाय, मजकूर नाय. शेवंती काय एष्टी हाय का चाळीस किलोमीटर पळवायला? उद्या तिच्या गळ्यात कंडक्टरची पिशवी अडकवशील.

ती लांब जाणारी हाय हे तू मला सांगतोस व्हय? मी तिला येवल्याच्या बाजारातून आणली तवा ती चौदा महिन्यांची होती. नाच शिकवायला दोन वर्सं गेली. निफाड तालुक्यात आठ घोड्या नाचायच्या, पण लोक तारीख शेवंतीची बघून लग्नाची धरायचे. ते तू पुसायला निघालास. पूस. तुझी मामी म्हणती पोराला करू द्या. तिला घोड्यातलं काय कळतं ते मला ठाऊक हाय.

मनमाडवाला परवा येऊन गेला. होळीपर्यंत थांबतो म्हणला. माझे गुडघे आता रात्रभर वरातीत चालत नाय, आणि पोरांना घोडी नको, उघडी गाडी पायजे. घोडी दारात बांधून निसती बघत बसू का?

तिच्या तोंडाला हिसका देऊ नको. मी कधी दिला नाय. थंडीत पाणी कोमट दे. जीव लावतोस ते दिसतं, पण अक्कलही लाव.

सावळीराम


पाथर्डी फाटा
रविवार, २ फेब्रुवारी, दुपारी १ वाजून १५ मिनिटे

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आताच तीस किलोमीटर करून आलो आणि ओल्या गोणपाटाने तिची छाती पुसून बसलो. पांडवलेण्याच्या मागून विल्होळीकडे गेलो होतो.

दौडीचा नियम असा की आधी पोचला म्हणून कोणी जिंकत नाही. पोचल्यावर डॉक्टर छातीला नळी लावून ठोके मोजतात. वीस मिनिटांच्या आत मिनिटाला चौसष्टच्या खाली यायला हवेत, नाहीतर घोडा बाद. आज मी मोजले. पोचल्यावर शहाण्णव, दहा मिनिटांनी अडुसष्ट, पंधराव्या मिनिटाला छप्पन्न. रेसवाल्या घोड्याला याच वेळी ब्याऐंशी होते. मॅडमनी माझी वही स्वतः वाचली.

आधी टाच लागली की ती नाचायची, कारण वरातीत नवरदेव घाबरून टाचा आवळतो. ते अकरा दिवसांत सुटलं. ढोलाचा आवाज मी मोबाइलवर लावला, रोज थोडा वाढवत. आता कान हलतात, पाय हलत नाहीत. लगाम हलका धरला तर मान लांब करून चालते. मामा, तिने इतकी मान लांब केलेली मी विंचूरला कधी पाहिली नव्हती.

तुम्ही एकदा येऊन बघावं अशी फार इच्छा आहे. मामींच्या पाठदुखीला आराम असेल तर कळवावं, नसेल तरी कळवावं. भांडण राखून, लोभ वाढवून असावं.

आपला,
संतोष


पाथर्डी फाटा
सोमवार, १७ फेब्रुवारी, सकाळी ६ वाजता

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

शेवंती बाद झाली.

जसं झालं तसं लिहितो. चाळीस किलोमीटर तीन तास दहा मिनिटांत केले. पाय ठणठणीत, पाणी प्यायली. बाराव्या मिनिटाला मी स्वतः मोजले तेव्हा अठ्ठावन्न ठोके होते. मी हात वर करून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी खिशातून तिचा कागद काढला, नाव वाचायला उजेडाकडे धरला, आणि शेवंती नाचायला लागली. पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने, मान कमानीसारखी, अगदी वरातीतल्यासारखी. आजूबाजूला ना ढोल होता, ना माझी टाच. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी नळी लावली तर ब्याऐंशी. सतराव्या मिनिटाला पुन्हा आले, कागद काढला, पुन्हा तेच. वेळ संपली.

डॉक्टर म्हणाले भित्री आहे. मॅडम म्हणाल्या, चाल सोन्यासारखी आहे, पण भरवसा नाही. मी रात्रभर वही चाळली. मी काहीतरी सोडलं आहे आणि ते तुम्हाला माहीत असणार. मामा, तिला असं काय दिसलं? एवढं तरी सांगा.

संतोष


विंचूर
२० फेब्रुवारी

चि. संतोष यास आ.

झालं ते झालं. येत्या मंगळवारी घोडी घेऊन ये. मनमाडवाल्याला निरोप धाडतो.

सावळीराम


विंचूर
२० फेब्रुवारी

चि. संतोष, तुला नवसामामीचा आशीर्वाद.

हे पत्र मामाला ठाऊक नाय. पोस्टात मी स्वतः जाऊन टाकते, कांद्याच्या मार्केटाला जाते म्हणून सांगून.

तुझं पत्र वाचून ते आधी लय हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग उठून शेवंतीच्या रिकाम्या खोपीत जाऊन बसले. जेवाया उठले नाय. मी खोदून खोदून विचारलं तवा बोलले.

शेवंती लहान होती तवा वरातीतली पोरं तिच्या तोंडापुढं नोटा नाचवायची आणि ती नोटा खायची. एकदा तिनं पाचशेची खाल्ली, तर नवरदेवाच्या मेव्हण्यानं भर मांडवात भांडण काढलं. मग मामानं काय केलं, पांढऱ्या कागदाखाली गुळाचा खडा धरायचा. कागद वर गेला की नाचायचं, नाचलं की गूळ. वर्सभर रोज. ढोल नसू दे, लगाम नसू दे, कागद वर गेला की ती नाचणारच. लोकांना वाटायचं घोडीला पैशाची ओळख हाय. तो डॉक्टर बिचारा कागद घेऊन आला, तर तिला वाटलं वरात आली.

मी म्हनलं, सांगा की मग पोराला. तर म्हनले, टाच काढली, ढोल काढला, आता एवढंही काढून घेतलं तर त्या घोडीत माझं काय ऱ्हायलं?

त्यांच्यावर चिडू नको. पण घोडी मनमाडला जाऊ देऊ नको. तिथं गेल्यावर तर तुम्हा दोघांचंही काय ऱ्हानार नाय. माझी पाठ बरी हाय. मी सांगितलं असं कुठं लिहू नको.

तुझी मामी


पाथर्डी फाटा
रविवार, २३ फेब्रुवारी, रात्री ८ वाजता

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. मी येत्या मंगळवारी येणार नाही. तुमचा शब्द होळीपर्यंतचा आहे आणि होळी तेरा मार्चला आहे, कॅलेंडर बघून लिहितो आहे. मोसमातली शेवटची दौड नऊ मार्चला आहे. मॅडमकडे एक संधी मागितली. त्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत मागितली, तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या की तुझ्यापेक्षा घोडी बरी, ती निदान पाणी प्यायला थांबते, आणि माझं नाव लिहिलं. नऊला नापास झाली तर अकराला, मंगळवारी, मी स्वतः तिला विंचूरला आणून बांधीन आणि एक शब्द बोलणार नाही.

घरात जुनी वर्तमानपत्रं असतील तर एष्टीने पाठवावीत. कशाला ते विचारू नये. तुमच्या विद्येचा मान मला आहे, हे मात्र नक्की समजावं.

आपला,
संतोष


पाथर्डी फाटा
सोमवार, १० मार्च, सकाळी ७ वाजून ५ मिनिटे

ती. मामींस,
सा. न. वि. वि.

मामा काल संध्याकाळी घरी पोचले असतील आणि त्यांनी काहीच सांगितलं नसेल. म्हणून मी सांगतो.

तुमचं पत्र आल्यापासून पागेत मी कागदच कागद टांगले. दावणीवर, दारावर, माझ्या टोपीवर. पहिल्या दिवशी ती घामाने भिजेपर्यंत नाचली. मला रडू आलं, पण गूळ दिला नाही. ती उभी राहिली की मगच हातातून द्यायचा, असं दिवसातून साठ वेळा. बाराव्या दिवशी ती टोपीवरचा कागद चावून खाऊ लागली, तेव्हा जरा धीर आला.

काल सकाळी निघायच्या वेळेला बघतो तर मामा दोरीपलीकडे उभे. पहिल्या एष्टीने आले होते. पागेत डोकावून म्हणाले, काय रे, पेपरची एजन्सी घेतलीस का? मग कागदांकडे बघत म्हणाले की कांद्याचं मार्केट त्या दिवशी बंद होतं. मामी, तुम्ही पकडल्या गेल्या आहात. पण ते रागावून म्हणाले नाहीत.

दौड तीन तास वीस मिनिटांत झाली. मुद्दाम सावकाश आणली. चौदाव्या मिनिटाला डॉक्टर आले आणि त्यांनी कागद वर धरला. शेवंतीचे कान उभे राहिले. उजवा पाय उचलला. माझे स्वतःचे ठोके तेव्हा दोनशे असतील. तिने पाय तसाच धरून माझ्याकडे पाहिलं, आणि खाली ठेवला. साठ. मॅडमनी तिला ठेवायच्या आणि मला कायम करायच्या कागदावर सही केली, मी तीनदा तपासली.

वळून पाहिलं तर मामा पाठ करून उभे होते. मी जवळ गेलो. त्यांनीच विचारलं की खोगीर अजून आहे का तिच्यावर. मी मान डोलावली, तर म्हणाले मला बसव.

मामी, तीस वर्षं त्यांनी घोड्या सांभाळल्या आणि एकदाही बसले नव्हते. बसायचा मान नवरदेवाचा, आपण लगाम धरून पुढे चालायचं, हीच आपली रीत. पेंडीच्या पिंपावर चढून कसेबसे बसले. दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरलं आणि टाचाही आवळल्या, अगदी घाबरलेल्या नवरदेवासारख्या. शेवंती नाचली नाही. रेवाल चालीने निघाली. मी लगाम धरून बाजूने पळत होतो, मग त्यांनी मला हाताने बाजूला हो म्हणून खुणावलं.

मैदानाला तीन फेऱ्या झाल्या. उतरल्यावर त्यांनी तिची मान थोपटली. म्हणाले, मी कायम हिच्या पुढं चाललो. पुढून ही चाल दिसतच नाय. मनमाडवाल्याला फोन लावायला त्यांनी मलाच सांगितलं आणि स्वतः शेजारी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते, मी नीट नाही म्हणतो की नाही ते बघायला.

तुमच्या मनासारखं झालं हे कळवायला एवढं लांबलं. आशीर्वाद असाच चोरून पाठवत जावा.

आपला,
संतोष

ता. क. हिशेब तुमच्या माहितीसाठी :
झालेला खर्च : टेम्पो २२००, नाल दोन वेळा १६००, मलम व औषध ८००, रद्दी सहा किलो ९०. एकूण ४६९०.
देणे : मनमाडवाल्याचा विसार ५१००, माझ्या पगारातून दोन हप्त्यांत.
शेवंतीची किंमत : मामांनी आकडा सांगितलेला नाही. पुढच्या रविवारी परत बसायला येतो, तेव्हा बोलू म्हणाले.