तीनचाकी सायकल पत्नीस देण्याबाबत

मी, वय छप्पन्न, व्यवसाय वार्ताहर, ज्याला सहकारी पाठीमागे आणि बायको तोंडावर 'पंडित' म्हणते, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तोल शाबूत नाही. मेंदूचा तो भाग झिजत चालला आहे आणि भरून येणार नाही, हेही त्याच दाखल्यात आहे. इतकी नेमकी बातमी मला तीस वर्षांत देता आली नाही.

१. राहते घर, म्हणजे वरच्या मजल्यावरील दोन खोल्या व गॅलरी, तसेच बँकेतील ठेव पत्नीला. यावर चर्चा नको.

२. संस्कृत कोश, तीन खंड, आमच्या संपादकांना. माझ्या प्रत्येक बातमीतला सर्वांत चांगला शब्द त्यांनी 'वाचकाला कळणार नाही' म्हणून कापला. ते सगळे शब्द तिथे अकारविल्हे सापडतील.

३. चाकांची खुर्ची धाकट्या भावाला परत. मी धडधाकट चालत होतो तेव्हाच त्याने ती न विचारता आणली. म्हणाला, "दादा, आज ना उद्या लागणारच आहे." त्याचे बरोबर निघाले. राग त्याचाच आहे.

४. आता सायकल. हे कलम लांबेल.

दुचाकी सायकलवरून मी दोनदा पडलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, तीनचाकी घ्या, वर्ष-दोन वर्षे हिंडाल. सायकलवाल्याकडे मोठ्या माणसांसाठी दोन होत्या. एक उंच, गिअरची. दुसरी बुटकी, हिरवी, मधली दांडी खाली वाकवलेली, मागे टोपली. मी अर्थातच उंच सायकलीभोवती घुटमळत होतो.

"अहो, पाय टाकता येईल ती घ्या," बायको म्हणाली. "शर्यतीला जायचंय का?"

बुटकी ठरली.

"साहेब, हिला तोल लागतच नाही," सायकलवाला म्हणाला. "बसायचं आणि निघायचं."

मी बसलो, निघालो आणि पहिल्याच वळणावर दुकानाच्या पायरीवर आदळलो. चाळीस वर्षे दोन चाकांवर काढलेला माणूस वळताना अंग झुकवतो. तीनचाकीला त्याचे काही देणेघेणे नसते. तिला फक्त हॅन्डल कळते. मी झुकलो, ती सरळ गेली.

"सायकल येणाऱ्यांचंच असं होतं," मला उचलत सायकलवाला म्हणाला. "ज्यांना येत नाही ते लगेच शिकतात. वहिनी, तुम्ही बसून दाखवा बरं."

पत्नी जन्मात सायकलवर बसली नव्हती. तिने पर्स टोपलीत टाकली, बसली, हॅन्डल वळवले आणि वळली. मग घरापर्यंत तीच घेऊन निघाली. मी मागून भावाच्या गाडीत. रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही ती प्रत्येक वळणावर हात बाहेर काढून रीतसर इशारा देत होती. आमचे फाटक आले. ती थांबली नाही. सरळ पुढे गेली. वीस मिनिटांनी परतली तेव्हा तिला धाप लागली होती.

"कुठे गेली होतीस?"

"ब्रेक सापडेना."

ब्रेक दोन्ही मुठींखाली होते. ही बातमी मी दिली नाही.

न झुकण्याचा अभ्यास करत मी ती अकरा दिवस चालवली. बाराव्या दिवशी पाय पेडलवर राहीनात. तेव्हापासून ती गॅलरीखाली उभी आहे. "आता तू ने," म्हटले की उत्तर ठरलेले: "तुमची आहे ती. आणि इकडे तुम्ही पडलात तर उचलणार कोण?" ती भाजी आणायला गेली असताना मी खरेच दोनदा पडलो आहे.

सबब, सदर सायकल पंप, कुलूप व किल्लीसह पत्नीला. भावाने ती विकू नये. पत्नीने रोज निदान एकदा फाटकावरून सरळ पुढे जावे. अशी अट टिकत नाही, असे वकील म्हणतात. शिवाय हे सारे मी गेल्यावर लागू होणार, आणि माझा आजार घाई करणारा नाही. डॉक्टर दहा वर्षेही धरतात. तोवर ती चौसष्ट वर्षांची होईल. मला उचलून उचलून तिचे गुडघे आत्ताच कुरकुरतात.

५. ज्याला मिळकत मिळायची त्याने सहीच्या वेळी खोलीत नसलेले बरे, हे मी वकिलांकडून मुद्दाम वदवून घेतले. साक्षीदार, म्हणजे सायकलवाला आणि तळमजल्यावरचा शिंपी, अर्धा तास माझ्याजवळ बसणार होते. सायकलच्या चाकांत सकाळीच हवा भरून घेतली होती. तिला म्हटले, "कायदा आहे बाई, बाहेर जा." ती गेली.

थोड्या वेळाने सायकलवाला गॅलरीतून खाली वाकून पाहून आला. "साहेब, सायकल जागच्या जागी आहे."

दाराखालच्या फटीतून तिची पावले दिसत आहेत.

वरील मजकूर मी स्वतः वाचला असून तो खरा आहे. सही दोनदा सारखी येत नसल्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे.

साक्षीदार:
१. सायकलवाला (सही)
२. तळमजल्यावरचा शिंपी (सही)

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली, दार लोटलेले
दिनांक: ११ फेब्रुवारी, दुपारी साडेचार