मागच्या दारातला वाटा

अब्बा, आज बकरी ईद झाली. कुर्बानी तुमच्या नावानं केली. बोकड कालच बाजारातून आणलेला, मी त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. भाईजाननं सुरी फिरवली तेव्हा माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. तुम्हाला हे मुळीच आवडलं नसतं.

तुम्ही माळशिरसकडच्या धनगराकडून इवलंसं करडू आणायचात आणि माझ्या हवाली करायचात. ते माझ्या हातची भाकरी खायचं, माझ्या मागं मागं भवानी पेठभर हिंडायचं, आणि मग ईद यायची. मी रडून घर डोक्यावर घेतलं की तुम्ही एवढंच म्हणायचात, "रो ले बेटी. प्यारा नै सो क्या देना?" जे प्यारं नाही ते देणं कसलं, हे तुमचं ठरलेलं. असा राग यायचा तुमचा! दिवसभर मी तुमच्याशी बोलायची नाही.

मटणाचे तीन वाटे व्हायचे, घरचा, नातलगांचा आणि गरिबांचा. गरिबांचा वाटा तुम्ही आधी काढायचात, चांगले तुकडे बघून. गिरणी बंद पडलेली, कालपर्यंत ताठ मानेनं जगलेली माणसं समोरच्या दारात यायला लाजायची. म्हणून तुम्ही बोळाकडचं मागचं दार वीतभर उघडायचात, मान खाली घालायचात आणि पिशवी धरलेला हात तेवढा बाहेर काढायचात. गिरणीतल्या मागावर पहिलं पेर गेलेलं तुमचं ते आखूड बोट मला अजून दिसतं. बाहेरून कुणीतरी पिशवी घ्यायचं, की तुम्ही दुसरी पुढं करायचात. एकदा मी तुमच्या काखेखालून डोकावले तर डोक्यात टपली बसली. "नजर नीचे! देखे तो देना कैसा गे? बेचना हुआ वो."

तुम्ही गेल्यावर ते दार मी चालू ठेवलं. पण आता बोळच राहिला नाही. एका तोंडाशी नव्या इमारतीची भिंत आली, दुसऱ्या तोंडाशी पडक्या कारखान्याचा ढिगारा. यंदाचा वाटा मी समोरूनच वाटला. तरी एक पिशवी मागच्या दारासाठी ठेवलीच, का ते विचारू नका. मला कडी काढताना बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, बोळ बंद हाय की! कुणाला देतीस तितं, भुताला?" मीही हसले.

भर दुपार होती, ऊन नुसतं रणरणत होतं. मी दार वीतभर उघडलं, मान खाली घातली, हात बाहेर काढला. बाहेर उन्हाची झळ लागायला हवी होती, पण हाताला गार लागलं. मग पिशवी ओढली गेली. मांजराचा हिसका मला कळतो हो, हे तसलं नव्हतं. हळू होतं, सवयीचं होतं. पिशवीच्या बंदाशी माझ्या बोटांना दुसरी बोटं लागली, थंडगार. त्यातलं एक आखूड होतं.

लई भीती वाटली, अब्बा. पण त्याहून जास्त वाटलं ते बघावंसं. तुमचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. घरात एकच फोटो होता, तो ओल लागून गेला. नुसती मान वर करायची, की सगळं परत मिळणार होतं. मौलवीसाहेब दर ईदेला सांगतात, अल्लाहपर्यंत ना मांस पोचतं ना रक्त, पोचतो तो मनातला भाव. सकाळी माझ्याकडे तो नव्हता. तिथं दारात उभी राहून मात्र मी ढसाढसा रडले, करडासाठी रडायचे तशी. आणि मान खालीच ठेवली. यंदा तेवढंच एक मला प्यारं होतं, ते दिलं.

हे पत्र पुढच्या ईदेला पिशवीत घालावं असं मनात आलं होतं. पण ते म्हणजे दिलेल्याचा मोबदला मागणंच झालं, तेव्हा ते इथंच राहू दे. एक मात्र सांगून टाकते. पिशवी ओढली गेली तेव्हा मी ती लगेच सोडली नाही.